निवत्या लोखंडाचा रंग

रंगाच्या दुकानात माझा एकच नियम आहे, नमुना आणल्याशिवाय शेड बनवून मिळणार नाही. "समुद्रासारखा निळा द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ परत पाठवते. कुठला समुद्र, सकाळचा की दुपारचा, वर ढग होते की नव्हते? पडद्याचा तुकडा आणा, भिंतीचा पोपडा आणा, शर्टाचं बटण आणा, मग बोलू. मालक म्हणतात, तुझ्या तोंडामुळे गिऱ्हाइकं तुटतात. पण मशीनने काढलेली शेड कुणाला पटली नाही की हेच मालक डबा गुपचूप माझ्यापुढे सरकवतात. मी काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे दोन टाकते, काडीने ढवळते आणि डबा परत देते. मग कुणाची तक्रार येत नाही.

अशी मी नाकाने कांदे सोलणारी बाई. आणि घरी, मागच्या खोलीत, कित्येक वर्षं एक रंग बनवायला बसले होते, ज्याचा नमुना मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. नुसता नवऱ्याच्या शब्दावर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा कुणा मित्राकडून लेपर्ड गेकोची एक जोडी घेऊन आला. मित्र गाव सोडून चालला होता आणि त्याच्या बायकोने सांगितलं होतं, एक तर त्या पाली नाही तर मी. आमच्या सासूबाईंनीही पहिल्या दिवशी तेच सांगून पाहिलं, पण नवरा त्यांचा एकुलता एक, त्यामुळे धमकीत दम नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं. भिंतीवरच्या पालीसारखी ती नव्हती. हिला भिंत चढता येत नाही, बोटांना तसली चिकट गादीच नसते. शेपूट जाडजूड, अंगावर पिवळ्यावर काळे ठिपके, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. सासूबाई लांब उभ्या राहून बघत होत्या. गेकोने सावकाश डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर माणसासारखी कंटाळते." त्या दिवसापासून त्यांचा विरोध नावापुरता उरला.

नवरा तेव्हा इथल्याच एका कारखान्यात लोखंड घडवायच्या कामावर होता. भट्टीतून तापलेला दांडा काढायचा, घणाखाली धरायचा, वळवायचा, पुन्हा भट्टीत. एका संध्याकाळी त्याने मादीच्या शेपटीच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे नखाएवढा केशरी पट्टा होता.

"लोखंड भट्टीतून निघतं ना, तेव्हा आधी पिवळं असतं," तो म्हणाला. "मग केशरी होतं, मग लाल, मग काळं. त्या केशरीच्या शेवटी, लाल व्हायच्या आधी, एक रंग येतो. पापणी लवेपर्यंत. रोज बघतो, पण थांबत नाही गं तो."

"मग?"

"हा बघ, इथे थांबलाय. हा अख्ख्या अंगावर आणू या."

मी रंगवाली. मला वाटलं, त्यात काय मोठंसं.

पुढच्याच वर्षी कारखान्याला टाळं लागलं. नवऱ्याला दूर देशी तसल्याच कामाची नोकरी मिळाली, दोन वर्षांनी एकदा महिन्याची रजा. निघायच्या दिवशी बसच्या दारात उभा राहून त्याने मला सांगितलं, "तो रंग आला की कळव. कायमचा परत येतो. शब्द." आम्ही दोघं हसलो. हसलो नसतो तर मी रडले असते आणि बस सुटेपर्यंत मला रडायचं नव्हतं.

चेष्टेत दिलेला शब्द होता तो. पण दुसरा कुठला शब्द त्याने दिलाच नव्हता, मग मी तोच धरून बसले.

रंगाचा डबा ढवळला की झालं. जनावरांचं तसं नसतं. मादी एका वेळी दोन अंडी घालते, ओल्या शेवाळात पुरून ठेवते. ती काढताना पालथी होता कामा नयेत, नाही तर आतला जीव गुदमरतो. म्हणून आधी वरच्या बाजूला पेन्सिलीने टिंब करायचं आणि मगच उचलायचं. उबवायच्या पेटीत ऊब जास्त दिली तर नर निघतात, कमी दिली तर माद्या. पिल्लू निघतं तेव्हा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं असतं, सगळी एकाच शाळेची असल्यासारखी. कुणाच्या अंगात काय रंग दडलाय ते तेव्हा कळत नाही. पट्टे विरत जातात, केशरी वर यायला लागतं, आणि वर्ष उलटता उलटता खरा रंग दिसतो. तोवर वाट बघायची. वाट बघण्यात मी आता कुणाला हार जाणार नाही.

वर्ष झालं की त्यांतलं एक ठेवायचं, रंगाला सगळ्यात जवळचं, आणि बाकीची चांगली घरं बघून देऊन टाकायची. ठेवलेल्याला जोडीदार शोधायचा. मधूनच बाहेरची मादी आणायची, कारण घरातल्या घरात जोड्या लावत राहिलं की पिल्लं नाजूक निघतात. बाहेरची आणली की रंग दोन पावलं मागे जातो. मग पुन्हा पुढे ढकलायचा. ठिपके एकेका पिढीत कमी होत गेले. शेपटीवरचं केशरी पाठीवर चढलं, मग मानेवर. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवायची आणि त्याच्या उत्तराकडे डोळे लावून बसायची.

"छान. पण तो नाही," तो लिहायचा. "जरा अजून पुढे."

एका वर्षी एक मादी निघाली, तिचं नाव आम्ही महाराणी ठेवलं. खाली टाकलेली अळी ती खायची नाही. चिमट्याने तोंडापाशी नेऊन धरली तर मान तिरकी करून उपकार केल्यासारखी घ्यायची. सासूबाईंनी तिला तसं लाडावून ठेवलं होतं. पाठीवर एक ठिपका नाही, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. मी तिला खिडकीशी नेऊन चार-पाच फोटो काढले आणि नवऱ्याला पाठवले.

त्याचं उत्तर आलं, "सुंदर आहे गं. पण हा फिकाय. अजून लालीकडे हवा."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याचा रंग, त्यालाच माहीत. महाराणीचा भाऊ जास्त लाल होता, त्याला ठेवला. महाराणीला दातांच्या डॉक्टरीणबाईंना देऊन टाकली. त्यांना दवाखान्यात बाहेर बसलेल्या लोकांसाठी काचेची पेटी सजवायची होती. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवरा रजेवर यायचा, नव्या जनावरांना हातात घ्यायचा, "जवळ आलोय" म्हणायचा आणि परत जायचा. मी लाली वाढवत राहिले. तो गेला की घर असं गप्प व्हायचं की सासूबाई उगाच भांडी आपटायच्या. मला तो हवा होता, बाकी काही नाही. जेवताना समोर हवा होता, भांडायला हवा होता. फोनवर भांडता येत नाही. तिकडे त्याची झोपायची वेळ झालेली असते.

मागच्या महिन्यात गेटं बनवणारा दुकानात आला. आमचं जुनं गिऱ्हाईक, गंज लागू नये म्हणून लावायचा तांबडा रंग दर आठवड्याला नेतो. पैसे देऊन, गप्पा मारून, डबा काउंटरवरच विसरून गेला. त्याचं वर्कशॉप माझ्या घरच्या वाटेवर, म्हणून संध्याकाळी मी तो पोचवायला गेले.

एरवी त्याच्याकडे वेल्डिंग चालू असतं आणि आपण तोंड फिरवून उभं राहतो. त्या दिवशी त्याला कुणाच्या तरी हौसेखातर पिळाच्या सळ्यांचं गेट बनवायचं होतं. जुनी कोळशाची भट्टी पेटवली होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ठेवा तिथे, वहिनी, आणि जरा मागे व्हा." मग त्याने चिमट्याने सळी बाहेर ओढली.

सळी आधी पिवळी होती. ती त्याने पकडीत अडकवली आणि पिळायला घेतली. बघता बघता पिवळं केशरी झालं. केशरी दाट होत गेलं, आणि मग एक रंग आला. पुढच्या क्षणाला तो लालीत गेला आणि लाल विझत काळं पडलं.

तो रंग मी ओळखत होते. मी तो हातात धरला होता, चिमट्याने अळ्या भरवल्या होत्या त्याला.

"पुन्हा काढा," मी म्हटलं.

"अं?"

"सळी. पुन्हा तापवून काढा ना एकदा."

तो भला माणूस. वेडी समजला असेल, पण त्याने दुसरी सळी काढली, मग तिसरी. प्रत्येक वेळी तोच रंग, आणि प्रत्येक वेळी तो महाराणीचाच. फोनमधला रंग खरा नसतो, हे मी दुकानात दिवसातून दहा जणांना सुनावते. फोटो दाखवणाऱ्याला मी शेड बनवून देत नाही. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शेड मी फोटोवर पास-नापास करून घेतली होती. त्याने तिकडे फिका फोटो बघितला, मी इकडे त्याचं ऐकलं. रंग आला होता. येऊन, आमच्या घरात वर्षभर राहून, दातांच्या दवाखान्यात गेला होता. तेव्हाच कळलं असतं तर तो तेव्हाच परत आला असता. मधली सगळी वर्षं मी त्याच्याविना जेवले नसते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन बसले. दात काही दुखत नव्हता. बाहेर गाल धरून बसलेल्या लोकांत मी पेटीकडे बघत बसले. महाराणी आता थोराड झाली होती. एसीच्या गारठ्याने आणि वयाने तिचा रंग उतरला होता, जुन्या विटेसारखा. फक्त शेपटीच्या बुडाशी, नखाएवढ्या जागेत, तो तसाच होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "न्यायला आलात की काय? आमचे पेशंट नाराज होतील हं." मी म्हटलं, "नाही, सहज." नेऊन काय करणार होते? तिचं अंडी घालायचं वय सरलं होतं.

घरी आले तर सासूबाईंनी माझा चेहरा बघितला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ अळ्यांच्या डब्यातला कोंडा चाळत राहिल्या.

"सांगून टाक त्याला, रंग आला म्हणून," शेवटी त्या म्हणाल्या.

"आई, तो रंग नाहीये आता आपल्याकडे. आपला आत्ताचा नर बघा, पार लाल आहे. पुढे निघून गेलाय."

"मग काय झालं? सांग, आणि मोकळी हो."

"खोटं सांगू? तो रोज बघतो तो रंग. त्याला कळणार नाही?"

"मला माझा मुलगा हवाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेडी तू बघ."

मी काही कळवलं नाही. पण आठवड्याभरातच त्याचा फोन आला. रजा लवकर मिळाली होती. पुढच्या कराराचे कागद बरोबर घेऊन येतोय, म्हणाला, सही करून परत जायचं की काय ते या वेळी ठरवू. "आणि तो नर बघायचाय मला," म्हणाला. "फोटोत फार जवळ वाटतोय."

फोटोत. मी कपाळाला हात लावला. फोन रंग फिका करून दाखवतो, मग पार लाल झालेला नर फोटोत जवळ वाटणारच.

आता माझा जीव टांगणीला लागला. तो येणार, नराला हातात घेणार आणि प्रामाणिकपणे सांगणार की नाही, हा जास्त लाल झाला, आता जरा मागे यायला हवं. मागे यायचं म्हणजे पुन्हा अंडी, पुन्हा पट्टे, पुन्हा वर्षानुवर्षं. आणि तो कागदावर सही करणार, कारण शब्द तर रंगावर अडलेला. मला सरळ म्हणता आलं असतं, रंग राहू दे, तू ये. इतक्या वर्षांत ते एकदाही म्हणाले नव्हते. म्हटलं, आणि तो नाही म्हणाला तर? जनावर "तो नाही" असलं तर दुसरं जनावर करता येतं.

तर मी काय केलं, बाजारातून पिवळसर उजेडाचा दिवा आणला आणि मागच्या खोलीत लावला. दिव्याची करामत मला पाठ आहे. पिवळ्या उजेडात लाल रंग केशरीकडे झुकतो. गिऱ्हाइकांना मी बजावून सांगते, शेड दिवसाउजेडी बघा, दिव्याखाली बघून फसू नका. खिडकीचा पडदाही ओढून घेतला. सासूबाई दारात आल्या, वर दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शिकलीस," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तो दुपारी आला. केस कानांवर पांढरे झालेले, हातांवर ठिणग्यांचे नवे डाग. चहा घेतला, आईशी बोलला, आणि मग आम्ही मागच्या खोलीत गेलो. दिवा मी आधीच लावून ठेवला होता. त्याने पेटीचं झाकण काढलं आणि हात खाली धरला. नर सावकाश त्याच्या तळव्यावर चढला. दिव्याखाली तो खरंच केशरी दिसत होता. माझंच मन क्षणभर फसलं.

नवरा बघत राहिला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"इथला उजेड बरोबर नाही," तो म्हणाला. आणि खिडकीशी जाऊन पडदा सारला.

उन्हात जनावर जसं होतं तसं दिसलं. देखणं होतं, पण लाल होतं. तो रंग मागे टाकून केव्हाच पुढे गेलेलं. मला ते जेवढं स्पष्ट दिसत होतं, त्याहून त्याला जास्त दिसत असणार. तो रंग त्याच्या डोळ्यांसमोरून दिवसातून शंभरदा जातो. त्याने हात फिरवून नराला एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या. मग त्याने दिव्याकडे बघितलं, नवाकोरा दिवा, आणि मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडेच बघत होता.

"हाच," तो म्हणाला.

मला गप्प बसता आलं असतं. पण तोंडाची सवय. "नीट बघ," मी म्हटलं.

"नीट बघितला."

"उजेडात बघितलास ना?"

"उजेडातच बघतोय," तो म्हणाला. "हाच आहे तो. आला रंग."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून भांड्यांचा केवढा तरी आवाज आला. नवऱ्याने नराला पेटीत सोडलं, झाकण लावलं, हात धुतले. महाराणीचं मी त्याला सांगितलं नाही. कधीतरी भांडणात सांगेन. आता भांडायला वेळ आहे.

त्याने बॅग उघडली, सगळ्यात वरचे ते कागद तसेच बाजूला ठेवले आणि खालचे कपडे उचलून विचारलं, "कपाटात माझा कप्पा कुठला?"

"वरचा," मी म्हटलं, आणि तो रिकामा करायला गेले, कारण इतक्या वर्षांत त्यात माझेच कपडे भरले होते.